अडीच महिने फ्रीझरमध्ये ठेवलेले अस्वलाचे मांस आणि त्याच सळईवरची ढोबळी मिरची

प्रेअरीवारा | २५ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी कॅनडातील सस्काटून येथे राहते. गेले दोन दिवस एका गोष्टीने झोप उडाली आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने मे महिन्यात उत्तर सस्कॅचवानच्या जंगलात काळ्या अस्वलाची शिकार केली. परवाना घेऊन केलेली अशी शिकार येथे कायदेशीर असते. त्यांनी आम्हाला सुमारे दोन किलो मांस भेट दिले आणि सांगितले की, ते दोन-अडीच महिने फ्रीझरमध्ये ठेवले की त्यात काही कीड असलीच तर मरून जाते. त्याप्रमाणे आम्ही ते ठेवले. १६ ऑगस्टला घरी मंडळी जमली तेव्हा मी अर्ध्या मांसाचा कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून कुकरमध्ये रस्सा केला. उरलेल्या अर्ध्याला यजमानांनी आलं, लसूण आणि दही लावून मुरवले आणि अंगणात निखाऱ्यांवर सळयांवर भाजले. अंधार पडत आला होता आणि हे मांस मुळातच काळपट लाल असते, त्यामुळे ते भाजले गेले की नाही हे रंगावरून कळेना. खाता खाता एका मित्राच्या लक्षात आले की तुकडे मध्ये कच्चे आहेत. मग उरलेल्या सळया पुन्हा निखाऱ्यांवर ठेवल्या, पण तोपर्यंत कबाब घेतलेल्या प्रत्येकाने दोन-तीन तुकडे खाल्ले होते. त्यात माझा दहा वर्षांचा मुलगाही होता.

परवा माझ्या वाचनात आले की २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाच्या बाबतीत जवळजवळ हेच घडले होते. तेही उत्तर सस्कॅचवानमधलेच काळे अस्वल होते, ते मांसही दीड महिना गोठवलेले होते आणि त्याचेही सळयांवरचे कबाबच केले होते. त्यांच्यापैकी सहा जणांना ट्रिकिनेल्ला या जंताची बाधा झाली आणि तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले.

माझे प्रश्न दोनच आहेत. गोठवल्याने हा जंत खरोखर मरतो का? आणि आज नऊ दिवस उलटल्यावर आम्ही काय करावे?

वैदर्भी_पशुवैद्य | २५ ऑगस्ट

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की डुकराच्या मांसातला मरतो, पण अस्वलाच्या मांसातला मरेलच असे नाही, आणि तुमच्याकडच्या अस्वलातला तर बहुधा मरत नाही.

गोठवण्याचा सल्ला पाळीव डुकरांवरून आला आहे. डुकरात जी जात प्रामुख्याने आढळते तिचे नाव ट्रिकिनेल्ला स्पायरॅलिस. सहा इंचांपेक्षा कमी जाडीचे मांस उणे १५ अंश सेल्सियसला २० दिवस ठेवले तर ती मरते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातील अस्वले, कोल्हे, लांडगे आणि वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) यांच्यात मात्र ट्रिकिनेल्ला नेटिव्हा ही वेगळी जात असते, आणि तिचा सारा वंशच बर्फात गोठलेल्या मृत प्राण्यांच्या मांसातून पुढे जात आलेला आहे. कडक हिवाळ्यात मेलेला प्राणी महिनोन्महिने गोठून पडतो, मग दुसरा प्राणी येऊन तो खातो आणि अळी त्याच्या पोटात जागी होते. अशा जंतासाठी घरातला फ्रीझर हा नेहमीचाच हिवाळा असतो. तुम्ही वाचलेल्या घटनेत तपासणी झाली तेव्हा ते मांस शंभराहून अधिक दिवस फ्रीझरमध्ये होते आणि तरीही त्यातल्या अळ्या हालचाल करत होत्या.

अळी स्नायूंच्या पेशीत वेटोळे घालून वर्षानुवर्षे राहते. मांस खाल्ल्यावर जठररसाने तिच्याभोवतीचे कवच विरघळते, ती लहान आतड्यात जाऊन काही दिवसांत प्रौढ होते आणि मादी शेकडो जिवंत पिल्लांना जन्म देते. ती पिल्ले रक्तातून शरीरभर पसरतात आणि स्नायूंमध्ये घर करतात. म्हणजे त्रास दोन टप्प्यांत होतो, आधी पोटाचा आणि मग अंगाचा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथील डॉक्टरांनी द्यावे. माझे रुग्ण चार पायांचे आहेत, त्यामुळे तेथे मी बोलणे योग्य नाही.

शुश्रूषा | २५ ऑगस्ट

मी मिनेसोटात अंतर्गत रोगांची डॉक्टर आहे. शिकारीचा हंगाम येथेही मोठा असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या परिचयाचा आहे.

प्रेअरीवारा, उरलेले मांस काही असेल तर ते कृपया फेकू नका. पिशवीत घट्ट बांधून, वर खूण करून फ्रीझरमध्येच राहू द्या. रक्ततपासणीपेक्षा मांसाच्या तपासणीतून लवकर आणि स्पष्ट उत्तर मिळते.

पोटाचा टप्पा खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत सुरू होऊ शकतो आणि त्यात मळमळ, जुलाब, पोटात कळा येणे असे सामान्य त्रास होतात. बऱ्याच जणांना या टप्प्यात काहीच जाणवत नाही. दुसरा टप्पा साधारण दोन आठवड्यांनी येतो, मात्र तो एका आठवड्यानेही येऊ शकतो आणि आठ आठवड्यांनीही. ताप, सर्वांगाचे स्नायू दुखणे, कमालीचा थकवा आणि पापण्यांवर व डोळ्यांभोवती सूज ही त्याची लक्षणे आहेत. डोळ्यांभोवतीची सूज आणि स्नायूंची वेदना एकत्र दिसली तर जाणकार डॉक्टरांच्या मनात हे नाव येते. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. प्रतिपिंडांची तपासणी मात्र पहिले दोन-तीन आठवडे नकारात्मक येऊ शकते, म्हणून लवकर केलेल्या तपासणीवर निर्धास्त होऊ नये.

तुम्ही सर्वांनी, म्हणजे ज्यांनी कबाब खाल्ले त्या प्रत्येकाने, उद्याच डॉक्टरांकडे जावे आणि आपण होऊन सांगावे की आम्ही अर्धकच्चे अस्वलाचे मांस खाल्ले आहे. हे वाक्य तुम्ही उच्चारले नाही तर कोणीही विचारणार नाही. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग अधिक असतो, कारण आतड्यातल्या जंतांना औषधे सहज मारतात, पण स्नायूंत शिरलेल्या अळ्यांपर्यंत त्यांचा प्रभाव कमी पडतो.

ओंजळ | २५ ऑगस्ट

अल्बेंडाझोलची एक गोळी सगळ्यांनी घेऊन टाकली तर चालणार नाही का? आपल्याकडे शाळेत मुलांना जंताची गोळी देतातच की.

शुश्रूषा | २५ ऑगस्ट

ओंजळ, नाव तेच असले तरी उपचार तो नव्हे. शाळेत दिली जाणारी एक गोळी आतड्यात राहणाऱ्या साध्या जंतांसाठी असते. येथे तेच औषध आठवडा-दोन आठवडे रोज द्यावे लागते, गरोदर स्त्रीला ते सहसा देत नाहीत, आणि त्रास तीव्र असेल तर सोबत स्टेरॉइडही द्यावी लागतात. क्वचित अळ्यांमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते, म्हणून हृदयावरही लक्ष ठेवावे लागते. एक गोळी घेऊन लोक निश्चिंत होतात आणि डॉक्टरांकडे जात नाहीत, हा त्यातला खरा धोका आहे.

पन्हाळ्याचा_पायथा | २५ ऑगस्ट

मला हे थोडे अतिरंजित वाटते. आमच्या आजोबांच्या काळी गावात रानडुकराचे मांस सर्रास खाल्ले जाई. चुलीवर मोठ्या पातेल्यात दोन-तीन तास रटरटत ठेवलेले ते मटण साऱ्या वाडीने खाल्ले आणि कोणालाही काही झाल्याचे ऐकिवात नाही. गावाकडच्या माणसांची पचनशक्तीच वेगळी असते.

वैदर्भी_पशुवैद्य | २५ ऑगस्ट

दादा, उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. जे काम दोन-तीन तास रटरटणाऱ्या पातेल्याने केले, त्याचे श्रेय आपण पचनशक्तीला देत आहोत. मांसाच्या तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान पोहोचले की अळी जगत नाही. उकळत्या रश्श्यात मध्यम आकाराचे तुकडे तेवढा वेळ राहिले तर प्रश्नच उरत नाही. जठररस कितीही तीव्र असला तरी त्याने अळी मरत नाही, उलट तिचे कवच विरघळून ती मोकळी होते. म्हणून पचनशक्तीचा आधार येथे मुळीच घेऊ नये.

आपल्या देशात हे होतच नाही असेही नाही. उत्तराखंडातील एका गावात मेजवानीत आगीवर भाजलेले, पुरते न शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यानंतर या रोगाची साथ आली आणि त्यात मृत्यूही झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. प्राणी कोणता यापेक्षा तो शिजवला कसा, यावर सारे अवलंबून असते. आपला रस्सा-संस्कृतीचा वारसा आपल्याला आजवर वाचवत आला. आता मुलाबाळांना कबाब आणि कमी शिजवलेले स्टेक आवडू लागले आहेत, म्हणून जुना अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्याची विनापरवाना शिकार करणे हा गुन्हा आहे आणि असे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. शेतीच्या नुकसानीमुळे वनखाते रानडुक्कर मारण्याची परवानगी देते ती पिकाच्या रक्षणासाठी, मेजवानीसाठी नव्हे.

पन्हाळ्याचा_पायथा | २६ ऑगस्ट

पातेल्याचा मुद्दा मान्य आहे. मी तसा विचार केला नव्हता. कायद्याबद्दलही आपले म्हणणे योग्य आहे. मी जुन्या काळाबद्दल लिहीत होतो.

म्युनिककर | २६ ऑगस्ट

जर्मनीत रानडुकराचे मांस बाजारात मिळते आणि उपाहारगृहांतही असते, पण ट्रिकिनेल्लाची तपासणी झाल्याशिवाय ते कोणालाही विकता येत नाही. शिकारी प्राण्याच्या छातीच्या पडद्याचा आणि पुढच्या पायाच्या स्नायूचा नमुना काढून देतो. प्रयोगशाळेत तो नमुना पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून विरघळवतात, म्हणजे पोटात जे घडते तेच काचेच्या भांड्यात घडवून आणतात, आणि तळाशी बसलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात कच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी शंभराहून अधिक दगावली. दोन हजार वस्तीच्या गावात शंभर मृत्यू म्हणजे प्रत्येक आळीत एक-दोन घरे सुतकात. त्याच काळात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्चो यांनी मांसतपासणी सक्तीची करावी म्हणून जोर धरला. आज माझ्या घराजवळच्या खाटकाच्या दुकानात रानडुकराच्या मांसावर जो शिक्का दिसतो, त्याच्यामागे ते गाव आहे.

जुनी_पाने | २६ ऑगस्ट

इतिहासाचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी सांगतो. ही अळी प्रथम पाहिली ती १८३५ मध्ये लंडनमध्ये, जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याने. शवविच्छेदन चालू असताना प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे कण दिसत होते. इतरांनी त्याकडे दुर्लक्ष केले, पॅजेटने मात्र ते भिंगाखाली धरले.

दुसरी गोष्ट उत्तर ध्रुवाची. १८९७ मध्ये आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रॅंकेल हे तीन स्वीडिश प्रवासी फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला आणि मग तिघे कित्येक आठवडे बर्फातून चालत राहिले. वाटेत ध्रुवीय अस्वले मारून त्यांनी त्यांचे मांस खाल्ले. श्वेत बेटावर तिघांचाही अंत झाला आणि त्यांचे अवशेष १९३० मध्ये सापडले. अन्न, इंधन आणि बंदुका जवळ असताना ते का मेले, हे कोडे होते. १९५२ मध्ये अर्न्स्ट ट्रायडे या डॅनिश डॉक्टरांनी त्यांच्या मुक्कामावरील अस्वलाच्या अवशेषांत ट्रिकिनेल्लाच्या अळ्या असल्याचे दाखवले आणि मृत्यूचे कारण हेच असावे असे मत मांडले. सर्वांना ते पटलेले नाही आणि थंडीपासून अफूच्या मात्रेपर्यंत इतर अनेक कारणे सुचवली गेली आहेत. परंतु अस्वल बाधित होते याविषयी शंका नाही.

प्रेअरीवारा | २६ ऑगस्ट

सर्वांचे मनापासून आभार. आज आम्ही तिघे एका वॉक-इन क्लिनिकमध्ये गेलो. तेथील डॉक्टरांनी प्रथम सांगितले की लक्षणे नसतील तर काळजीचे कारण नाही. शुश्रूषाताईंचे वाक्य मी जसेच्या तसे म्हटले आणि रक्ततपासणीचा आग्रह धरला. त्यांनी ती लिहून दिली आणि सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्यांना कळवतो असेही सांगितले. फ्रीझरमध्ये कच्च्या मांसाचा एक लहान तुकडा शिल्लक आहे, तो मी जपून ठेवला आहे.

एक गोष्ट मी पहिल्या लेखात लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नव्हती. त्या दिवशी माझ्या वन्सं पुण्याहून आलेल्या होत्या. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. त्यांच्यासाठी पनीर केले होते, पण सळयांवर मांसाच्या तुकड्यांमध्ये ढोबळी मिरची आणि कांदा लावलेला होता. यजमानांनी काही सळयांवरचे मांस काढून ठेवले आणि उरलेली मिरची-कांदा, "हे वेगळे केले आहे," असे सांगून वन्संच्या ताटात वाढले. मला हे काल रात्री कळले. त्या २० तारखेला पुण्याला परतल्या. हे त्यांना सांगावे का?

शुश्रूषा | २६ ऑगस्ट

होय, आजच सांगा. तुम्ही वाचलेल्या २०२२ च्या घटनेतील सहा बाधितांपैकी दोघांनी मांस मुळीच खाल्ले नव्हते. त्यांनी केवळ त्या मांसासोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. कच्च्या मांसाचे कण आणि रस सुरीवरून, पाटावरून, सळईवरून भाजीला लागतात, आणि भाजी करपू नये म्हणून आपण ती लवकर उतरवतो.

तुमच्या वन्संची परिस्थिती इतरांपेक्षा अधिक नाजूक आहे. पुण्यात ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या शाकाहारी स्त्रीच्या बाबतीत हा विचार कोणताही डॉक्टर करणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

दापोलीकर | २७ ऑगस्ट

शाकाहारी माणसाला जंत होण्यावरून आठवले. पत्ताकोबीतून मेंदूत जंत जातो असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो हाच का?

वैदर्भी_पशुवैद्य | २७ ऑगस्ट

नाही, तो वेगळा. मेंदूत गाठी करतो तो डुकराच्या फीतकृमीचा प्रकार. त्याची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून मातीत आणि पाण्यात जातात आणि नीट न धुतलेल्या कोणत्याही कच्च्या भाजीवरून पोटात येऊ शकतात. पत्ताकोबीचा त्यात विशेष अपराध नाही. ट्रिकिनेल्लाची अंडी बाहेर पडतच नाहीत. एका प्राण्याच्या स्नायूतून दुसऱ्याच्या पोटात, हाच त्याचा मार्ग. त्यामुळे माणसाकडून माणसाला तो होत नाही आणि प्रेअरीवारा ताईंच्या घरात एकाला झाला तरी त्याच्या ताटातून दुसऱ्याला होणार नाही.

फुकुओकावासी | २७ ऑगस्ट

जपानच्या क्युशू बेटावर रानडुकराच्या मांसातून आणखी एक जंत येतो, फुफ्फुसातला पर्णकृमी. तो मुळात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत असतो, रानडुक्कर खेकडे खाते आणि त्याच्या मांसात तो तसाच राहतो. येथील काही शिकारी मंडळी ते मांस कच्चे किंवा अर्धकच्चे खातात आणि महिन्यांनी खोकला व थुंकीतून रक्त घेऊन डॉक्टरांकडे जातात.

ओंजळ | २७ ऑगस्ट

थुंकीतून रक्त म्हणजे आपल्याकडे सरळ क्षयरोगाचे औषध सुरू होईल.

वैदर्भी_पशुवैद्य | २७ ऑगस्ट

ईशान्य भारतात तसे घडलेले आहे. मणिपूर आणि नागालँडमध्ये कच्चे खेकडे खाण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि तेथे या पर्णकृमीच्या रुग्णांना क्षयरोगी समजून उपचार दिले गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. रोग कोणताही असो, आपण काय खाल्ले हे रुग्णाने सांगितले तरच डॉक्टरांना दिशा मिळते. कोकणातल्या खेकड्याच्या कालवणाला मात्र घाबरण्याचे कारण नाही, ते उकळलेले असते.

रानवाट | २८ ऑगस्ट

मी गडचिरोलीत अनेक वर्षे काम केले आहे. येथील चर्चेत मला एक खटकते. रानातले मांस म्हणजे अस्वच्छ, ते खाणारे लोक अज्ञानी, असा सूर हळूहळू येऊ लागतो. कॅनडाच्या उत्तरेकडील मूळ रहिवाशांचे तर सारे जीवनच शिकारीवर उभे आहे. त्यांना आपण काय सांगणार, शिकार सोडा म्हणून?

मॉन्ट्रियलचा_मोगरा | २८ ऑगस्ट

रानवाट यांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर त्याच लोकांनी दिलेले आहे. क्यूबेकच्या उत्तरेला नुनाविक हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. तेथे वॉलरसचे मांस कच्चे, गोठवलेले किंवा आंबवलेले खाण्याची परंपरा आहे आणि त्यातून ट्रिकिनेल्लाच्या साथी येत असत. कोणीही त्यांना वॉलरस खाऊ नका असे सांगितले नाही. शिकाऱ्यांनी प्रत्येक वॉलरसच्या जिभेचा नमुना कूजुआक येथील संशोधन केंद्राकडे पाठवायचा, तोवर मांस वाटायचे नाही, आणि निकाल आला की गावाला कळवायचे, अशी व्यवस्था तेथील समाजाने आणि आरोग्यसेवकांनी मिळून उभी केली. बाधित निघाले तर ते मांस टाकून देतात, नाहीतर पूर्वीप्रमाणे खातात. मला ही पद्धत फार आदराची वाटते. यात आहारही टिकला आणि माणसेही टिकली.

उलट सस्कॅचवानच्या उत्तरेत २००० साली दोन वस्त्यांमध्ये अस्वलाच्या मांसातून साथ आली, तेव्हा वाळवलेले मांस खाणाऱ्यांना त्रास झाला आणि उकळून खाणाऱ्यांना तो टाळता आला. वाळवणे, मीठ लावणे, धुरी देणे यांवर रानातल्या मांसाच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही.

रानवाट | २८ ऑगस्ट

हे मला ठाऊक नव्हते. धन्यवाद.

प्रेअरीवारा | २९ ऑगस्ट

वन्संना परवाच सांगायचे होते, पण माझे धैर्य झाले नाही. काल रात्री यजमानांनी फोन केला तेव्हा कळले की २७ तारखेपासून त्यांना ताप आहे, पिंढऱ्या आणि मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही, आणि आज सकाळी दोन्ही पापण्या सुजल्या आहेत. तेथील डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली, ती नकारात्मक आली. सूज ॲलर्जीची असावी असे त्यांना वाटत होते.

यजमानांनी त्यांना सर्व सांगितले. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी एवढेच विचारले की मुलाला काही झालेले नाही ना. मला त्यांनी रागावून बोलायला हवे होते असे वाटत राहिले.

शुश्रूषा | २९ ऑगस्ट

त्यांच्या डॉक्टरांना लेखी द्या: कोणता प्राणी, कोठला, कोणत्या दिवशी खाल्ले, आणि त्यांनी फक्त सळईवरची भाजी खाल्ली हेही. इओसिनोफिल मोजायला सांगा, स्नायूंचे एन्झाइम आणि हृदयाचा आलेखही करून घ्या. एक अडचण अशी की आपल्याकडे इतर जंतांमुळे किंवा दम्यामुळे इओसिनोफिल वाढलेले अनेकांत दिसतात, त्यामुळे तो एकच आकडा पाहून कोणी दुर्लक्ष करील. संपूर्ण हकीकत सोबत असली तर तसे होणार नाही. प्रतिपिंड नकारात्मक आले तरी हकीकतीवरून उपचार सुरू करता येतात.

प्रेअरीवारा | ६ सप्टेंबर

एकेक करून सांगते.

आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत आमच्याकडचा मांसाचा तुकडा तपासणीला गेला. कॅनडाच्या अन्नतपासणी संस्थेची परजीवींची संदर्भ प्रयोगशाळा आमच्याच सस्काटूनमध्ये आहे, हे मला इतकी वर्षे येथे राहूनही माहीत नव्हते. मांसात ट्रिकिनेल्लाच्या अळ्या सापडल्या आणि त्या जिवंत होत्या. ते मांस तोपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ फ्रीझरमध्ये होते.

वन्संच्या इओसिनोफिल पेशी खूप वाढलेल्या निघाल्या. पुण्यातील डॉक्टरांनी हकीकत वाचल्यावर त्याच दिवशी अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड सुरू केले. हृदयाचा आलेख ठीक आहे. ताप उतरला आहे, सूज ओसरली आहे, पाय अजून दुखतात. यजमानांनाही अंगदुखी सुरू झाली आणि त्यांचेही उपचार चालू आहेत. मुलाला अद्याप कोणताही त्रास नाही, त्याच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे औषध दिले आहे आणि दर आठवड्याला रक्त तपासतात. ज्या मित्राने सर्वांत जास्त कबाब खाल्ले होते त्याला आजवर काहीही झालेले नाही. सासरे आणि मी, आम्ही दोघांनी केवळ कुकरमधला रस्सा खाल्ला होता. आम्ही दोघेही ठीक आहोत.

पशुवैद्य दादा, एक शेवटचा प्रश्न. मांसात खुपसायचा तापमापक आम्ही आणला आहे, पण दीड इंचाच्या तुकड्यात तो कसा वापरावा?

वैदर्भी_पशुवैद्य | ६ सप्टेंबर

वन्संचे वाचून बरे वाटले.

सर्वांत जाड तुकडा निवडा आणि तापमापकाची सुई वरून नव्हे तर कडेने खुपसा, म्हणजे टोक बरोबर मध्यभागी पोहोचते. ते सळईला टेकू देऊ नका, कारण तापलेले लोखंड खोटा आकडा दाखवते. एकच तुकडा तपासून थांबू नका, निखाऱ्यांच्या कडेला असलेल्या सळईवरचाही तपासा. ७४ अंश दिसले की झाले. कच्च्या तुकड्यात खुपसलेली सुई गरम साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका. भाज्यांच्या सळया पूर्णपणे वेगळ्या ठेवा, त्यांची सुरी आणि पाटही वेगळा घ्या, आणि निखाऱ्यांवर त्या आधी भाजून काढा. खरे सांगायचे तर अस्वलाच्या मांसाचे मी कबाब करणारच नाही. त्याला कुकरच बरा. बंद वाफेत आतले तापमान १०० अंशांच्या पुष्कळ वर जाते आणि अंदाजाचा प्रश्न राहत नाही.

आणि ज्या सहकाऱ्याने मांस दिले, त्यांना कळवले का? एका अस्वलाचे मांस दोन किलो नसते.

प्रेअरीवारा | ७ सप्टेंबर

काल यजमान त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी त्याच अस्वलाचे मांस आणखी चार घरी दिले होते, आणि यजमानांसमोरच बसून त्यांनी चौघांनाही फोन केले. तीन घरी ते अजून फ्रीझरमध्ये तसेच पडून आहे. चौथ्या घरी त्याच्या पट्ट्या कापून, मीठ लावून वाळवल्या होत्या आणि मुले त्या शाळेच्या डब्यात नेत होती. त्या घरातील सर्वांची उद्या रक्ततपासणी आहे आणि उरलेल्या पट्ट्या आज आरोग्य अधिकाऱ्यांनी येऊन नेल्या.